सीटखालची पिशवी

सायकलच्या सीटखाली कापडाची किंवा चामड्याची एक लहानशी पिशवी लटकत असते. तिच्यात काय ठेवावे हा प्रश्न खरे तर सायकलच्या दुकानदाराला विचारायचा. तो दिवाळी अंकात कशाला, असे कुणी म्हणेल. पण गेली काही वर्षे दर रविवारी आम्ही पाच-सहा जण बेळगावहून कधी राजहंसगडाकडे, कधी काकतीच्या बाजूला, कधी जांबोटीपर्यंत सायकलीने जातो, आणि या पिशवीवरून आमच्यात जेवढे वाद झाले तेवढे राजकारणावरूनही झाले नाहीत. सीमाभागात राहून असे म्हणणे म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना निराळे सांगायला नको.

वाद सामानाचा नव्हताच. ट्यूब काढायच्या दोन पट्ट्या, एक जादा ट्यूब, चार-सहा ठिगळे, सोल्यूशनची नळी, खरकागदाचा तुकडा, घडीचे पाने आणि फ्रेमला अडकवलेला पंप, एवढे हवे याबद्दल सगळ्यांचे एकमत आहे. साखळी तुटली तर जोडायला एक जादा कडी ठेवावी, असे एकदा जांबोटीच्या चढावर साखळी तुटल्यानंतर ठरले. वाद होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. ही पिशवी कोणासाठी भरायची? स्वतःसाठी, की वाटेत जो अडलेला भेटेल त्याच्यासाठी? आणि जो मुद्दाम रिकामी पिशवी घेऊन येतो त्याचे काय करायचे?

आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता, कारण पिशवीच नव्हती. खिशात व्हॉल्व्ह ट्यूबचा इंचभर तुकडा असला म्हणजे मुलगा दूरदृष्टीचा समजला जाई. जुन्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये पितळेच्या नळीला एक बारीक छिद्र असते आणि त्यावर ही रबरी नळी चढवलेली असते. पंपाची हवा रबराला ढकलून आत शिरते, आणि पंप थांबला की तेच रबर छिद्रावर घट्ट बसून हवेला परत येऊ देत नाही. इतकी साधी करामत. ती नळी कुजली की सायकल बसली. बाकी सगळ्या दुखण्यांना गावोगावी, वळणावळणावर एक सायकलवाला बसलेलाच असे. घमेल्यात पाणी, भिंतीला टांगलेल्या जुन्या ट्यूबा, आणि ‘किती वेळ लागेल’ या प्रश्नाला ‘बसा’ एवढेच उत्तर. आपल्या बिघाडाची तयारी आपण करायची नसते, ती गावाने करून ठेवलेली असते, असे गृहीत धरून आम्ही वाढलो. आता ते सायकलवाले कमी झाले. जे आहेत त्यांच्याकडे मोटारसायकलींचीच रांग असते. म्हणजे गाव जे सांभाळत होते ते आता प्रत्येकाच्या सीटखाली आले आहे. पिशवीचे वजन पाऊण किलो, पण हा बदल काही लहान नाही.

स्वावलंबन हा शब्द आपल्याला शाळेपासून फार प्रिय. भिंतीवर लिहिलेला असे. पण त्याची टोकाची परीक्षा पाहायची तर १९१३ सालच्या फ्रान्समधल्या एका घटनेकडे वळावे लागते. ‘तूर द फ्रान्स’ ही सायकलशर्यत तेव्हा दहा वर्षांची झाली होती. शर्यतीचा कर्ताधर्ता आंरी देग्रांज हा कडक माणूस. स्वाराने आपल्या सायकलची दुरुस्ती आपणच केली पाहिजे, बाहेरची मदत घेतली तर दंड, असा त्याचा नियम. त्या वर्षी बायोन ते ल्युशाँ या ३२६ किलोमीटरांच्या टप्प्यात, पिरेनीज पर्वतातला तूर्माले हा घाट उतरताना अझेन क्रिस्तोफ नावाच्या स्वाराच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. शर्यत जिंकण्याची त्याला चांगली संधी होती. त्याने सायकल खांद्यावर टाकली आणि दहा किलोमीटरांहून अधिक अंतर तो घाट पायी उतरला. खाली सेंत-मारी-द-कांपाँ हे खेडे. तिथे लोहाराची भट्टी होती. क्रिस्तोफ मूळचा कुलपे बनवणारा कारागीर, लोखंडाची त्याला ओळख होती. पण लोहाराने हात लावायचा नाही, कारण शर्यतीचे निरीक्षक समोर उभे! लोहार तोंडाने सांगतोय आणि हा स्वतः घण मारतोय, असे तीन तासांहून अधिक चालले. फोर्क जोडला, सायकल उभी राहिली, तो पुढे निघाला आणि टप्पा पुरा केला. आणि मग त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. कशाबद्दल? तर भट्टीचा भाता एका लहान मुलाने ओढला होता. पुढे तो दंड तीन मिनिटांवर आला म्हणतात. पण चार तास गमावलेल्या माणसाला दहा काय आणि तीन काय. शर्यतीत त्याचा क्रमांक सातवा लागला. आज त्या खेड्यात या घटनेचा स्मृतिफलक आहे.

ही गोष्ट मी आमच्या मंडळींना एकदा चहाच्या टपरीवर सांगितली. आमच्यात उद्यमबागेत फौंड्री चालवणारे एक गृहस्थ आहेत. वयाने साठीपुढचे, घरची भाषा कन्नड, मराठी आमच्याइतकीच सफाईदार. त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाले, “नियम करणारा माणूस कधी भट्टीजवळ उभा राहिला नसणार. लोखंड लाल आहे तोवरच घाव बसतो. एका हातानं भाता आणि एका हातानं घण, हे जमतच नाही. लोखंड थंड होतंय. भट्टीवर दोन माणसं लागतातच. एक माणूस म्हणजे अर्धी भट्टी.”

मला वाटते, देग्रांजच्या नियमावर इतकी नेमकी टीका तत्त्वज्ञांनाही सुचली नसती. कारण नियमाला दिसला तो भाता ओढणारा मुलगा. लोहाराची भट्टी, त्याने जमवलेला कोळसा, त्याची हत्यारे, त्याने तोंडाने सांगितलेली अक्कल हे सगळे क्रिस्तोफने घेतलेच होते. त्याला दंड नाही. आपण ज्याला स्वावलंबन म्हणतो त्याची हद्द अशीच कुठेतरी, कुणाच्या तरी सोयीने आखलेली असते. माझ्या पिशवीतली ट्यूब मी बनवली नाही. हवा भरलेले टायर बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने १८८८ मध्ये आणले. ते रिमला चिकटवलेले असे, म्हणून पंक्चर निघता निघता दिवस जाई. मिशलिन बंधूंनी १८९१ मध्ये सुटे निघणारे टायर काढले तेव्हा कुठे रस्त्याच्या कडेला बसून पंक्चर काढणे माणसाच्या आवाक्यात आले. त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्टला आणि परत अशी बाराशे किलोमीटरांची शर्यत शार्ल तेराँ याने जिंकली ती याच टायरांवर. म्हणजे मी ‘माझे मी करतो’ म्हणतो तेव्हा किती जणांचे हात माझ्या हातात मिसळलेले असतात! तरीही पिशवी बाळगणे आणि न बाळगणे यांत फरक आहे, आणि तो मोठा आहे. हद्द कृत्रिम आहे म्हणून ती नाहीच असे होत नाही. शेताचा बांधही माणसानेच घातलेला असतो.

आता त्या रिकाम्या पिशवीकडे येतो.

आमच्यात एक तरुण मुलगा येत असे. इंजिनिअरिंगला होता, पायांत जोर होता, सायकल आमच्या सगळ्यांपेक्षा महाग. पण तिच्यावर एक ग्रॅमही जादा नको, असा त्याचा हट्ट. पंप नाही, पिशवी नाही. पंक्चर झाले की हसून म्हणायचा, “मामा, तुमच्याकडं असतंयच की.” आणि मामांकडे असायचेच. असे तीन-चार वेळा झाले. एकदा पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही चोर्ल्याच्या अलीकडून परत फिरलो होतो, कणकुंबी मागे टाकली होती, भुरभुर पाऊस होता, आणि त्याचे मागचे चाक बसले. या वेळी मामांनी ट्यूब दिली नाही. पट्ट्या, ठिगळे आणि सोल्यूशन त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “काढ पंक्चर.” त्याला ते येत नव्हते. सोल्यूशन लावले की ते सुकू द्यायचे असते, बोटाला ओले लागेनासे झाले म्हणजेच ठिगळ बसवायचे. घाई केली की ते सरकते. आणि पावसात तर ट्यूब आधी कोरडी करणेच अवघड. पाऊण तास गेला. मी छत्रीसारखा टॉवेल धरून उभा होतो. शेवटी ठिगळ बसले, हवा भरली, दोन किलोमीटरांत पुन्हा चाक बसले. टायरच्या आत बोट फिरवून काटा शोधायचा राहिलाच होता. मुलाने एका शब्दानेही तक्रार केली नाही. जांबोटीला सायकल एका टेम्पोत टाकून तो गावात गेला, आणि त्यानंतर आमच्याबरोबर आला नाही.

यावरून आमच्यात दोन तट पडले, ते अजून आहेत. मामांची बाजू अशी: जो माणूस सोयीसाठी तयारी टाळतो तो हलका होत नाही, तो आपले वजन दुसऱ्याच्या सायकलवर टाकतो. त्याची सायकल पाऊण किलोने हलकी म्हणजे माझी पाऊण किलोने जड. त्याला ट्यूब देणे हे औदार्य नाही, त्याच्या सवयीला दिलेला पगार आहे. यावर उत्तर नाही. हिशेब चोख आहे. ‘माझ्याकडे नसले तरी दुसऱ्याकडे असेलच’ ही वृत्ती सगळ्यांनी धरली तर कुणाकडेच काही असणार नाही, हे तर शाळेतल्या पोरालाही समजेल.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात याच्या नेमक्या उलट माणसाचे उदाहरण घेतले आहे. हा माणूस कोणाचे काही घेत नाही आणि कोणाला काही देत नाही. ‘प्रत्येकाने आपले पाहावे’ एवढेच त्याचे म्हणणे. कांट म्हणतो की अशा माणसांचे जगही चालू शकेल, एकदम कोसळणार नाही. पण असे जग असावे अशी इच्छा मात्र कोणालाही सुसंगतपणे करता येणार नाही, कारण अशी वेळ येतेच की त्यालाही दुसऱ्याची मदत हवी होईल आणि आपल्याच नियमाने त्याने ती दारे लावून घेतलेली असतील. मला हे पटते. पिशवी कितीही भरली तरी तिसरे पंक्चर होतेच. फोर्क मोडला तर पिशवीत भट्टी मावत नाही. म्हणजे पूर्ण तयारी ही गोष्टच नाही. कोणत्या तरी वळणावर प्रत्येकजण रिकाम्या पिशवीचाच असतो. फरक एवढाच की काहीजण तिथवर आपले सामान संपवून पोचतात आणि काहीजण न आणताच.

पण मला खरा घोर लावला तो दुसऱ्याच गोष्टीने. हेच मामा, त्याआधी वर्ष-दीड वर्षापूर्वी, सांबऱ्याच्या पुढे, मारिहाळच्या अलीकडे एका दूधवाल्यासाठी थांबले होते. आता दूधवाले बहुतेक मोटारसायकलवर असतात; हा अजून जुन्या दांडीच्या सायकलवर होता, दोन्ही बाजूंना कॅन. “गाळी होगेत्री,” हवा गेली, एवढेच तो म्हणाला. त्याच्याकडे काही नव्हते. आमच्या जादा ट्यूबा त्याच्या उपयोगाच्या नव्हत्या. त्याचे चाक अठ्ठावीस-दीडचे, आमची नव्या मापाची. दोन्हींना लोक अठ्ठावीस इंची म्हणतात, पण रिमच्या मापात तेरा मिलिमीटरचा फरक असतो. म्हणून पंक्चर काढणे आले. मामांनी स्वतः खाली बसून काढले. पहिले काढून पाहतात तो दुसरे. दोन छिद्रे जवळजवळ, हवा कमी असताना दगडावर चाक आपटले की पडतात तशी. पिशवीतली शेवटची ठिगळे त्यावर गेली. टायर एका जागी फाटले होते, तिथे आतून जुन्या टायरच्या तुकड्याचे गेटर टाकले. आमचा बारीक तोंडाचा पंप त्याच्या जुन्या व्हॉल्व्हला चालतो हे त्या दिवशी आम्हांला कळले. ‘तू ठिगळे का बाळगत नाहीस’ हा प्रश्न मामांच्या मनातही आला नाही. मग पोराला वेगळा न्याय का?

मामांना विचारले तर म्हणतात, दूधवाल्याला परवडत नव्हते, पोराला परवडत होते. हे खरे आहे, पण पुरे नाही. दूधवाल्याला परवडते की नाही याची चौकशी कुणी केली होती? मला वाटते, त्या दिवशी आम्ही त्याची लायकी मोजलीच नाही. आम्ही नुकसान मोजले. ऊन चढत होते, कॅनमध्ये दूध होते, दहा घरी चहा अडला होता. आमचा रविवार वाया गेला तर काय जाणार होते? आणि कणकुंबीच्या पावसात मात्र आम्ही नुकसान मोजले नाही, लायकी मोजली. पोर भिजले, आम्ही भिजलो, त्याची आमच्याबरोबरची सोबत तुटली. आणि यातून तो काय शिकला असेल तर एवढेच की मामांकडे असते, पण ते देत नाहीत. शिकवायचेच होते तर ते घरी, कोरड्या जागी, जुनी ट्यूब फाडून शिकवता आले असते. मामांचा हिशेब बरोबर, वेळ चुकीची, असे माझे मत आहे आणि ते मी त्यांना सांगितले आहे. ते त्यांना मान्य नाही. “कोरड्यात शिकलेलं पावसात आठवत नाही,” असे ते म्हणतात. यात तथ्य नाही असेही म्हणवत नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते. परक्याशी आपला हिशेब नसतो, म्हणून त्याला देणे सोपे असते. आपल्या माणसाची मात्र आपण वही ठेवतो. घरात, नात्यात, भाऊबंदकीत हेच चालते. रस्त्यावर भेटलेल्या अनोळखी माणसाला शेवटचे ठिगळ देणारा, सख्ख्या भावाला विहिरीचे पाणी देताना गेल्या वर्षीची आठवण काढतो.

देण्याइतकेच घेणेही अवघड असते, याकडे मात्र आपले लक्ष कमी. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात थोर मनाच्या पुरुषाचे वर्णन केले आहे. तो उपकार करायला उत्सुक असतो, घ्यायला लाजतो. केलेले उपकार त्याच्या लक्षात राहतात आणि घेतलेले विसरतो. वाचताना वाटते की हा मनुष्य थोर असेल, पण त्याच्याबरोबर चोर्ल्याला जाऊ नये. दूधवाल्याने पंक्चर निघाल्यावर विचारले, “रोक्का एष्ट्री?” पैसे किती. मामांनी नको म्हटले. मग त्याने कॅनचे झाकण उघडले, मापाने दूध काढले आणि आमच्या पाण्याच्या बाटल्या पुढे करायला सांगितल्या. आमच्यातले एक जण कच्चे दूध नको म्हणून कुरकुरले. मामांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केले आणि स्वतः उभ्याउभ्या बाटलीभर दूध प्यायले. त्या माणसाला त्याचे देणे फेडू दिले. ठिगळे देण्यापेक्षा ते दूध पिणे मला जास्त मोलाचे वाटते.

कुठवर द्यावे याची दुसरी टोकाची गोष्टही त्याच फ्रान्सच्या शर्यतीतली, १९३४ ची. रने व्हिएतो हा वीस वर्षांचा पोरगा, डोंगरात सर्वांना मागे टाकणारा. त्याच्या संघाचा म्होरक्या आंतोनँ मान्य शर्यतीत आघाडीवर. उतरणीवर मान्यचे चाक मोडले, व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून दिले आणि मदतीची गाडी येईपर्यंत तो रस्त्याच्या कठड्यावर बसून राहिला. त्याचा रडवेला फोटो पुढे जगभर गेला. दुसऱ्या दिवशी मान्य पुन्हा अडला. हा पुढे गेलेला होता, तो घाटात माघारी वळला आणि त्याला मदत केली. मान्य जिंकला, व्हिएतो पाचवा आला. लोकांनी नाव मात्र व्हिएतोचेच घेतले. याला त्याग म्हणायचे, की संघाचा हुकूम? दोन्ही असावेत. पण तो रडला ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. देताना हसलेच पाहिजे असा आपल्याकडे एक संकेत आहे, तो खोटा आहे. देऊन वाईट वाटू शकते, आणि तरी ते देणेच असते.

आपल्या परंपरेत अपरिग्रहाला यमांत स्थान आहे. जरुरीपेक्षा जास्त जवळ बाळगू नये. मग दुसरी ट्यूब हा परिग्रह की नाही? या प्रश्नावर एका जैन मित्राशी माझे बोलणे झाले. त्यांचे म्हणणे असे की वस्तू किती यापेक्षा ‘माझी’ हा भाव किती, ते पाहायचे. मला ते सुरुवातीला पळवाटीसारखे वाटले. मग ध्यानात आले की बॅंकेतल्या पैशाला आणि पिशवीतल्या ट्यूबला एकच नियम लागत नाही. ट्यूब बसल्या जागी वाढत नाही, उलट खराब होते. सोल्यूशनची नळी एकदा फोडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते. वरून फुगीर, आत खडखडाट. रबराला पानांच्या कडा घासून छिद्र पडते. पंपाचा वायसर वाळतो. म्हणजे तयारी ही साठवून ठेवता येण्यासारखी वस्तूच नव्हे, ती पुन्हा पुन्हा करावी लागते. मैत्रीसारखी, किंवा शेजारधर्मासारखी म्हणा.

शेजारधर्म हा शब्द इथे उगाच नाही आला. १९८६ च्या जूनमध्ये बेळगावात काय झाले ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन, गोळीबार, मृत्यू, बंद. त्या दिवसांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाला होता. त्याची घरची बोली दख्खनी, गिऱ्हाइके मराठी आणि कानडी. त्याच्या दुकानाबाहेर खांबाला साखळीने बांधलेला एक पंप असे. त्याने हवा मारून दिली तर पैसे, आपण मारून घेतली तर फुकट, असा सगळीकडे असतो तसाच रिवाज. बंदमध्ये त्याने दुकानाची फळी लावली, पण पंप आत घेतला नाही. ज्या दिवशी दुकानांवरच्या पाट्यांची लिपी पाहून दगड कुठे मारायचा ते ठरत होते, त्या दिवशीही दोन्ही बाजूंची माणसे येऊन त्या पंपाने हवा भरून जात होती. एकमेकांशी बोलत नव्हती, पण एकाचे झाले की दांडा दुसऱ्याच्या हातात देत होती. त्या माणसाने यामागे काही विचार केला असेल असे मला वाटत नाही. पुढे कधीतरी विचारले तेव्हा तो म्हणाला, साखळीच्या कुलपाची किल्ली हरवली होती. हे खरे की खोटे, देव जाणे.

त्यातून मोठा अर्थ काढायचा मोह होतो, तो मी आवरतो. पंपाने भाषेचा वाद मिटला नाही. तो वाद सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे आणि माझे त्यावरचे मतही ठाम आहे. माझ्या नातवंडांना मराठी शाळा असावी, सरकारी कागद मला समजेल अशा भाषेत मिळावा, हा माझा हक्क मी एका पंपावर सोडायला तयार नाही. हक्क आणि मदत या दोन निराळ्या गोष्टी आहेत; मदत मिळते म्हणून हक्क मागू नये असे नाही, आणि हक्काचे भांडण आहे म्हणून दांडा पुढे करू नये असेही नाही. मामा आणि मी एकमेकांच्या विरुद्ध मतदान करतो, हे आम्हां दोघांना ठाऊक आहे.

पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ट्रकच्या टायरांची दुकाने असतात, बहुधा केरळी माणसांची. तिथे हवेचा मोठा यंत्रपंप असतो, पण त्याचे तोंड आमच्या बारीक व्हॉल्व्हला बसत नाही. त्यासाठी नखाएवढा पितळी तुकडा मिळतो, अडॅप्टर म्हणतात. एका बाजूला आमचा आटा, दुसऱ्या बाजूला त्यांचा. तो पिशवीत असला तर त्या माणसाची हवा आपल्या चाकात येते. नसला तर समोर टाकीभर हवा असूनही आपण चालत घरी. आमच्या पिशव्यांतली ही सगळ्यांत स्वस्त वस्तू, आणि सगळ्यांत जास्त वेळा हरवणारी. मी दोन ठेवतो.

दूधवाल्याच्या प्रसंगानंतर मामांच्या पिशवीत आणखी एक ट्यूब आली: अठ्ठावीस-दीडची, काळी, जाड, त्यांच्या स्वतःच्या चाकाला न बसणारी. ती आमच्यापैकी कुणाच्याच चाकाला बसत नाही. मी त्यांना विचारले की ज्या पोराला त्याच्या मापाची दिली नाहीत, त्याच्यासाठी नव्हे, तर कधी भेटेल न भेटेल अशा माणसासाठी हे ओझे रोज का वाहता? त्यांनी उत्तर दिले नाही. चहाचे पैसे देऊन टाकले.

खंडेनवमीला त्यांच्या फौंड्रीत आयुधपूजा असते. यंदा आम्हीही गेलो होतो. साचे, कानशी, पकडी यांच्या रांगेत त्यांनी सीटखालची पिशवी रिकामी करून मांडली होती. पट्ट्यांना हळद-कुंकू, पंपाला झेंडूची माळ. सोल्यूशनच्या जुन्या नळ्या दाबून पाहून टाकून दिल्या, नव्या ठेवल्या. मोठी ट्यूब घडीवर चिरते म्हणून ती उलगडून, शंखजिरे लावून, पुन्हा निराळ्या घडीवर दुमडली. बाजूला एक कोरी पिशवी होती, लहान, आतले सगळे सामान नवे, आमच्यापैकी कुणाची नसलेली. “ही कुणाची?” मी विचारले. मामा म्हणाले, “त्या पोराचा पत्ता आहे काय तुमच्याकडं?”